घराची मालकीण

अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझी रूममेट लग्न ठरलं म्हणून निघून गेली. मी डिपार्टमेंटच्या बोर्डावर चिठ्ठी लावली: घरात मासे शिजतात, ज्यांना वास चालेल त्यांनीच फोन करावा. मराठी मुलींपैकी एकीनेही फोन केला नाही. पुण्याच्या एकीने तर नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, की अशी चिठ्ठी लावतं का कोणी. आठवडाभराने दारात एक ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी येऊन उभी राहिली. तिने भाडं विचारलं नाही, हीटिंगचं विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, माशाला आंबट म्हणून तू काय घालतेस?

मी आमसुलं दाखवली. दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन आली तेव्हा तिने एका डब्यातून काळपट, सुरकुतलेलं काहीतरी काढलं. ती मीठ लावून उन्हात वाळवलेली बिलिंबी, म्हणजे आपली आंबट बिंबलं होती. दोघींनी एकमेकींचं चाखून पाहिलं आणि दोघींनाही आपलंच बरं वाटलं. त्यानंतर आम्ही तीन-साडेतीन वर्षं एकत्र राहिलो.

ती सुमात्राच्या वरच्या टोकाची, आचे प्रांतातली. वनशास्त्र शिकायला आली होती. माझं संख्याशास्त्र. ती कमी बोलायची आणि मी जास्त, पण गावाचा विषय निघाला की उलट व्हायचं. तिचं गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढे भातशेती, मागे पोफळी आणि कोकोची झाडं. एक मशीद, एक शाळा, आणि रस्त्याच्या वळणावर कॉफीचं दुकान, जिथे पुरुष सकाळी जाऊन बसत ते दुपारच्या नमाजालाच उठत. बायका सुपारी फोडून रस्त्याच्या कडेला वाळत घालत. शहरातला व्यापारी ती उचलून नेई आणि पुढे ती बोटीने भारतात जाई. त्यामुळे भारत म्हणजे दिवसभर सुपारी चघळत बसलेल्या माणसांचा देश, अशी तिची लहानपणची समजूत होती. मी श्रीवर्धनची. आमची स्वतःची पोफळीची वाडी आहे. तिला मी ठणकावून सांगितलं की आमच्या सुपारीपुढे तुमची म्हणजे लाकूड. ती नुसती हसली. ते तिने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गाव सुंदर होतं, असं ती कधी म्हणाली नाही. तेव्हा तिथे लष्कर आणि बंडखोर यांची झटापट चालू होती. अंधार पडला की दारं बंद. तरुण मुलगे एकतर डोंगरात किंवा मलेशियात. दर वर्षी कोणाचा तरी मुलगा जायचा, आणि गावात उरायच्या त्या बायका, म्हातारे आणि कॉफीच्या दुकानातले पुरुष. कोकोची फळं झाडावर काळी पडली की ती पडलीच, औषध फवारायला कोणी नाही. शिकलेल्या माणसाला तिथे एकच नोकरी, शाळेत मास्तरकी. तीही कोणी निवृत्त झाला तर.

"मग तू परत कशाला जाणार?" मी विचारलं.

"माझं घर आहे ना तिथे," ती म्हणाली.

मला वाटलं, सगळे म्हणतात तसंच ही म्हणते आहे. माझंही घर श्रीवर्धनला आहे, असं मीही म्हणतच होते. पण तिचं म्हणणं शब्दशः होतं. त्यांच्याकडे घर मुलीला मिळतं. मुलगी लग्नाची झाली की आईवडील घर तिच्या नावाने करतात आणि स्वतः शेजारी दुसरं बांधून धाकट्या मुलीला घेऊन तिकडे जातात. मग पुढे ते दुसरं घर धाकटीचं. मुलगे लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातात. शेती मुलग्यांना मिळते, घर नाही. त्यांच्या भाषेत बायकोला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी घराची मालकीण. खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, पुढे पडवी, मधे खोली, मागे पडवी आणि स्वयंपाकघर. पुढच्या पडवीत पुरुष आणि पाहुणे. मधली खोली मालकिणीची. ते घर बांधताना आजोबांनी आईच्या नावाने खांब रोवला होता, आणि आता ते थोरली म्हणून हिचं व्हायचं होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मी तिला घेऊन गेले होते. जेवणं झाल्यावर पेपर प्लेट हातात धरून मी हे सगळं आमच्या कॉलेजच्या मराठी मुलांना सांगितलं. मुलं खूश झाली.

"म्हणजे अख्खं गाव घरजावई!" नागपूरचा एकजण ओरडला. "काय मस्त यार! भाडं नाही, मॉर्टगेज नाही!"

"आयत्या बिळावर नागोबा," दुसरा म्हणाला.

ती मला विचारत राहिली की हे का हसताहेत. मी घरजावई शब्द समजावून सांगितला. सासरी राहणारा, म्हणजे मिंधा, ज्याला गावात मान नाही असा. तिला ते काही पटेना. "पण नवऱ्याने दुसरीकडे कुठे राहायचं?" तिने विचारलं. आमच्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह, तो चार दिवसांसाठी आला तर अख्खं घर त्याला डोक्यावर घेतं, आणि कायमचा आला तर त्याला कुत्रं विचारत नाही. हे इंग्रजीतून सांगताना फार वेड्यासारखं वाटत होतं, म्हणून मी तिच्या प्लेटमध्ये आणखी एक मोदक ठेवला.

२००४च्या डिसेंबरात समुद्र आत आला. तिचं गाव आत असल्याने वाचलं, हे कळायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत ती फोनजवळ बसून असायची आणि मी तिच्या पुढ्यात भात ठेवून क्लासला जायचे. मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि तिच्याजवळ बसवतही नव्हतं, दोन्ही खरं आहे. शेवटी फोन लागला तेव्हा आईने सांगितलं की घर भरलं आहे, किनाऱ्यावरचे नातेवाईक वर आले आहेत, पुढच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही. फोन ठेवल्यावर ती पहिल्यांदा रडली. मग म्हणाली, "बरं झालं घर मोठं आहे."

त्यानंतर सगळंच बदललं. पुढच्या उन्हाळ्यात समझोता झाला, बंदुका थांबल्या. किनाऱ्यावर जगभरच्या मदत संस्था आल्या आणि ज्याला थोडं इंग्रजी येतं त्याला नोकरी लागली. गावातल्या ज्या मुली सुपारी फोडत होत्या त्या गळ्यात ओळखपत्र घालून जीपमधून फिरू लागल्या. हिची धाकटी बहीण त्यातलीच. तिथेच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला, घरचे तयार, तारीख काढायची बाकी. आणि इथे घोडं अडलं. मुलाला आणायचं कुठे?

आपल्याकडे म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. तिच्या वडिलांना दोन्ही एकदम करायचं होतं. पण अख्खा किनारा पुन्हा बांधायला निघाला होता, लाकूड मिळेना, सुतार मिळेना. धाकटीचं घर चौथऱ्याच्याही वर आलं नव्हतं. मोठं घर तयार उभं होतं, पण ते थोरलीचं. थोरली अमेरिकेत. आई काही बोलली नाही. बोलली ती मावशी. तिने फोन करून विचारलं: तू परत येणार आहेस का? येणार नसशील तर घर बहिणीला दे, म्हणजे मुलीचं लग्न होईल. रोज्यांच्या आधी सांग.

त्याच वर्षी तिच्या प्राध्यापकांनी तिला पीएच.डी.साठी थांबायला सांगितलं होतं. पाच वर्षांचा पैसा होता, पुढे इथेच काहीतरी झालं असतं. एकीकडे हे, दुसरीकडे सुपारी, काळा पडणारा कोको आणि मास्तरकी. मला यात विचार करण्यासारखं काहीच दिसेना. मंडळातल्या एका काकूंनी विषय ऐकला आणि पोळी लाटता लाटता निकाल दिला.

"अगं, देऊन टाक म्हणावं तिला. बहिणीपेक्षा घर मोठं आहे का? आपण सगळ्याच सोडून आलो की."

मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "काकूंनी काय सोडलं?"

"सगळंच."

"त्यांचं होतं का ते?"

मी म्हटलं, शब्द पकडू नकोस.

नेमकं त्याच सुमारास मलाही शिकागोला कॉन्सुलेटमध्ये जायचं होतं. बाबा गेल्यावर घर आणि वाडी आईच्या, दादाच्या आणि माझ्या नावावर लागली होती. दादाला घरावर कर्ज काढून खोल्या बांधायच्या होत्या, कारण श्रीवर्धनला आता पर्यटक येऊ लागले होते. त्यासाठी मी हक्क सोडायचा होता. दादाने मागितलं नव्हतं. फोनवर तो म्हणाला, "बँकवाले म्हणतायत बहिणीची सही लागेल," आणि मीच म्हणाले, "अरे मग पाठव की कागद." आमच्याकडे बहिणी हे असंच करतात. जिने केलं नाही अशी एक बाई आमच्या आळीत आहे, तिचं नाव निघालं की आजही लोक तोंड वाकडं करतात.

शिकागोला माझी मैत्रीण सोबत आली, कारण एवढा लांबचा ड्राइव्ह मी एकटीने कधी केला नव्हता. रस्ताभर बर्फ. कॉन्सुलेटमध्ये खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्याने शिक्का मारला. पुढच्याला बोलावलं.

परत निघालो, गाडी हायवेला लागली. मग तिने विचारलं, "हे दिल्यावर तुला काय मिळतं?"

"मिळायचंय काय? भाऊ आहे."

"काहीच नाही?"

मी म्हटलं, माहेर मिळतं. मग माहेर म्हणजे काय ते सांगायला मला गॅरीपासून कालामझूपर्यंतचा रस्ता लागला. लग्न झालेल्या मुलीचं आईवडिलांचं घर. तिथे ती चार दिवस जाते, तिला काम करू देत नाहीत, तिच्या आवडीचं करतात, येताना ओटी भरतात. बायका त्याच्या आठवणी काढत आयुष्य काढतात, गाणी म्हणतात. मी बऱ्यापैकी रंगवून सांगितलं.

"आमच्यात असा शब्द नाही," ती म्हणाली.

"असेलच ना काहीतरी."

"नाही. आम्ही तिथून कधी जातच नाही."

मला राग आला. सही केलेले कागद मागच्या सीटवर होते आणि ही शेजारी बसून, अगदी सहज, मला वेड्यात काढत होती. तसं तिने काढलं नव्हतं, पण मला तसं लागलं. मी रेडिओ लावला आणि ॲन आर्बर येईपर्यंत आम्ही हवामानाबद्दल बोललो.

रोजे जवळ आले तशी तिची झोप उडाली. ती टेबलाशी बसून कागदावर घराचा आराखडा काढायची, मधल्या खोलीत भिंत घालून दोन करता येतील का ते बघायची. मग कागद चुरगाळायची. भिंत घातली तर मधली खोली कोणाचीच राहत नाही, असं ती म्हणे. एका रविवारी मासे साफ करता करता तिने सांगितलं, "मी आज फोन केला. मी जाते आहे."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"आणि पीएच.डी.?"

"कॅन्सल."

"आणि बहीण?"

"तिचं घर होईपर्यंत ती नवऱ्याबरोबर माझ्याकडे राहील. माझ्याकडे." हा शब्द तिने दोनदा म्हटला. "तिलाही हेच बरं वाटलं. माझं घर तिने घेतलं असतं तर मी कायमची परकी झाले असते, हे तिला नको होतं. मावशी चिडली आहे."

मी तिच्यावर तुटून पडले. त्या गावात काय आहे, कोण तुझ्या डिग्रीला विचारणार आहे, परत बंदुका सुरू झाल्या तर काय करशील. सगळं बोलून घेतलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "कदाचित मास्तरीण होईन. कदाचित तेही नाही. पण ते मी माझ्या घरात बसून होईन." मग ती परत मासे साफ करू लागली. आमच्या ग्रुपमध्ये एकमत झालं की यार, पोरगी वेडी आहे. त्या वेळी मीही त्यात होते. ती गेल्यावर स्वयंपाकघर एकदम मोठं वाटायला लागलं आणि मला तिची फार आठवण आली, तेव्हा मी तिच्यावर आणखी चिडले.

मग माझंही शिक्षण संपलं. नोकरी न्यू जर्सीत लागली आणि मी एडिसनला राहायला गेले. चालत जाण्याच्या अंतरावर सगळं मिळायचं, कोथिंबिरीपासून मंगळसूत्रापर्यंत. तिची-माझी महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर गाठ पडायची. तिने जिल्ह्याच्या गावी एका सरकारी खात्यात अर्धवेळ काम धरलं होतं, बाकी वेळ कोकोच्या झाडांवर नवीन कलमं बांधायला गावातल्या बायकांना शिकवत होती. त्यातली निम्मी कलमं मेली. नोकरी टिकेल की नाही माहीत नव्हतं. मदत संस्था एकेक करून निघून चालल्या होत्या आणि जीपमधून फिरणाऱ्या मुली पुन्हा सुपारी फोडायला बसत होत्या. हे सगळं ती कोणत्याही तक्रारीशिवाय सांगायची. तिचं लग्न झालं होतं. नवरा किनाऱ्यावरच्या शहरात काम करायचा आणि सुट्टीला घरी यायचा. बहिणीचं घर शेजारीच उभं राहत होतं.

२००८मध्ये मी सुट्टी काढून श्रीवर्धनला गेले. सही केल्यानंतरची ती पहिलीच खेप. दादाने खोल्या छान बांधल्या होत्या, गरम पाणी, टाइल्स. वाडीतल्या काही पोफळी काढाव्या लागल्या होत्या, पण त्याला इलाज नव्हता. माझी पूर्वीची खोली त्यात गेली होती. मला समुद्राकडची, सगळ्यात चांगली खोली दिली. पर्यटकांना द्यायचे ते नवीन टॉवेल काढले. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले की वहिनी म्हणायच्या, "ताई, तुम्ही बसा हो, मी आणते चहा." मी भांडं उचललं तर ते हातातून काढून घ्यायच्या. आईने रोज माझ्या आवडीचं केलं. दादाने गाडीने हरिहरेश्वरला फिरवून आणलं. कुठे काही कमी नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी वाडीत गेले आणि पडलेल्या सुपाऱ्या गोळा करायला लागले, तर गडी धावत आला आणि म्हणाला, "ताई, राहू द्या, तुम्ही कशाला?" मी सुपाऱ्या त्याच्या हातात दिल्या. येताना बॅगेत सोलं, नारळाच्या वड्या, साडी, सगळं भरून दिलं. मुंबईला येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. काय खुपतंय ते मला सांगता येईना, कारण सगळे माझ्याशी फार चांगले वागले होते.

एडिसनला परतल्यावर तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडे ओरडत होते. तिने विचारलं, "कसं झालं तुझं ते, काय म्हणतेस तू, माहेर?"

मी सांगितलं. सगळ्यात चांगली खोली, नवीन टॉवेल, हातात चहा, कामाला हात लावू दिला नाही, फिरवून आणलं, येताना बॅग भरून दिली. सांगता सांगता मला वाटलं की मी तिला काहीतरी पटवून देते आहे. तीही मधे मधे हं, हं करत ऐकत होती.

मग ती हसली. तिच्या हसण्यात कुठेही खोच नव्हती, मी तिला चांगली ओळखते.

"अगं, आम्ही माझ्या नवऱ्याला ठेवतो तशी तुला ठेवली त्यांनी," ती म्हणाली. "तोही सुट्टीला येतो. त्याला पुढच्या पडवीत बसवतो, कॉफी हातात देतो, आई काही उचलू देत नाही. निघताना पिशवी भरून देतो."

"मग? त्याला आवडतं ना?"

तिने आधी कोंबड्यांना हुसकावलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तो फार चांगला आहे. कधी तक्रार करत नाही. पण घर त्याचं नाही, हे त्याला माहीत आहे."